साखरेला रशियनमध्ये साखरच म्हणतात

माझं रशियन भाषेचं प्रमाणपत्र हातात पडलं आणि त्याच वर्षाअखेर तो देश मोडला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी घरात आजवर बऱ्याचदा सांगून पाहिलं आहे. आमच्या हिचं मत वेगळं आहे. मी ज्याला हात लावतो त्याचं असंच होतं, असं तिचं म्हणणं, आणि पुरावा म्हणून ती आमच्या पहिल्या मिक्सरचं उदाहरण देते.

रशियन शिकायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते कागदामुळं. मी कॉलेजात असताना पुस्तकांनी भरलेली एक मोटार गावोगाव फिरायची. तीत रशियात छापलेली पुस्तकं आणि मासिकं अगदी स्वस्तात मिळत. मासिकांचा कागद इतका गुळगुळीत, की कोल्हापुरातल्या निम्म्या वह्यांना त्याचीच कव्हरं. माझ्या भौतिकशास्त्राच्या जर्नलवर एक बाई गव्हाच्या शेतात हसत उभी होती आणि तिच्या पायाशी चार ओळींचा मजकूर होता. ती बाई कशाला हसते आहे, एवढंच मला वाचायचं होतं. पुढं पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून चिकटलो, संध्याकाळी मोकळा वेळ मिळू लागला, आणि गावात रशियनचा एक वर्ग निघाल्याचं कळल्यावर जाऊन नाव घातलं. सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो, शेवटी तीन राहिलो. तिघांत माझा तिसरा नंबर आला. जर्नल तोवर रद्दीत गेलं होतं, त्यामुळं ती बाई का हसत होती ते अजून कळलेलं नाही.

या ज्ञानाचा पहिला, आणि बराच काळ शेवटचा, उपयोग नव्वदीच्या सुरुवातीला झाला. ओळखीतल्या एका कारखानदाराकडं रशियन मशीन आलं होतं. ते होतं भल्यामोठ्या लाकडी खोक्यात, आणि खोक्यावर काळ्या अक्षरांत दोन शब्द लिहिलेले. ते वाचायला मला स्कूटर पाठवून बोलावून नेलं. पहिला शब्द 'नको'चा आहे, एवढं लगेच सांगितलं. दुसऱ्यासाठी डिक्शनरी उघडली. शब्द मूळचा जर्मन निघाला! जर्मनमध्ये कडेला किंवा धारेला जो शब्द आहे, त्यावरून रशियनांनी तो उचललेला. मला इतका आनंद झाला, की मी कारखानदाराला बाजूला घेऊन जर्मन कारागीर रशियात कसे गेले, जाताना हत्यारांची आणि कामाची नावं कशी सोबत घेऊन गेले, हे पंधरा मिनिटं ऐकवलं. तेवढ्यात मागं हमालांनी खोकं कडेवर टेकवून उलथलं. दोन शब्दांचा मिळून अर्थ होता 'उलथू नका'. मूळ मला सापडलं होतं, अर्थ राहिला होता. त्यानंतर स्कूटर आली नाही.

हा माझा जुनाच आजार. भाषा बोलण्यापेक्षा तिच्यातला शब्द कुठून आला, याचीच मला गोडी. ऑफिसात पावसाळा सोडला तर दुपारी फारसं काम नसे. एका लाँगबुकात मी तीन रकाने पाडले: रशियन शब्द, तो कुणाकडून आला, आणि आपल्याकडं त्याचा कोण लागतो. वर्गात सांगायचे, की रशियन फार अवघड. रकाने भरत गेले तसं मला वाटायला लागलं, की ही तर नात्यातलीच निघाली. त्यांची शाल ती आपली शाल. 'सुंदूक' म्हणजे संदूक. 'बझार', 'दिवान', 'पिझामा' यांची तर ओळखही करून द्यायला नको. 'कज्ना' म्हणजे खजिना, 'किंझाल' म्हणजे खंजीर. तातार आले, तुर्क आले, इराणी व्यापारी आले. प्रत्येकानं जाताना काहीतरी मागं ठेवलं. कलिंगडाला ते 'अर्बूझ' म्हणतात, म्हणजे नाव घेतलं खरबुजाचं आणि चिकटवलं कलिंगडाला. वांग्याला 'बाक्लझान'. ऐकायला परकं, पण तुर्कांच्या आणि इराण्यांच्या स्वयंपाकघरातून माग काढत आलं की आपल्या वांग्यापाशीच पोचतं. आणि साखरेला साखर. संस्कृतातली शर्करा ग्रीकांमार्फत तिकडं गेली. वाटेत तिच्यातला पहिला र कुठंतरी पडला, आणि इकडं मराठीत उतरतानाही नेमका तोच र पडला. हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे आपल्या कारखान्याची पोती तिकडं पाठवायची झाली तर छापा बदलायला नको." माझ्या संशोधनाची कुणी घेतलेली तेवढीच दखल.

नव्वदचं दशक संपता संपता मुरगूडहून आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण. दाजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, मुरगुडात खत-बियाणांचं दुकान आहे. त्यांच्या मुलीला बारावीला मार्क चांगले पडले होते, पण इथं डॉक्टरकीला लागतात तेवढे नव्हते, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासवाल्यानं तिच्या हातात रशियाचं माहितीपत्रक ठेवलं होतं. शिकवणार इंग्रजीत. पण पेशंट रशियन बोलणार, तेव्हा ती भाषा यायलाच हवी, असंही त्यात खाली बारीक अक्षरांत होतं. दाजी खताच्या पोत्यावरचंही बारीक अक्षर वाचणारे.

त्यांच्या माहितीतला एक मुलगा तिकडं गेला आणि चार महिन्यांत परत आला होता. कुणाशी बोलताच येईना, म्हणून. दाजींनी सरळ अट घातली. "दोन म्हयनं देतो. रशियन बोलून दाखव. न्हायतर गारगोटीला डी.एड.चा फॉर्म भरायचा, गप मास्तरीण व्हायचं."

भाची रडली-बिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "बोलून दाखवायचं कुणापुढं?"

"आण्णापुढं."

आण्णा म्हणजे दाजींचे थोरले भाऊ, निवृत्त तलाठी. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांना रशियन येत नव्हतं. हा मुद्दा त्या वेळी कुणीच काढला नाही. मीही काढला नाही, कारण शिकवणारा म्हणून माझं नाव पुढं आलं होतं, आणि इतक्या वर्षांनी ते कशासाठी तरी पुढं आलं होतं.

भाची बॅग घेऊन राजारामपुरीत आमच्याकडं राहायला आली. रोज संध्याकाळी जेवणं आटोपली, की आम्ही दोघं गॅलरीत बसायचो. जेवणं लवकर आटोपत, कारण आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत आहे. मी ती शहरातल्या घड्याळाप्रमाणं थोडी मागंपुढं करतो, पण भाची मुरगुडाहून आलेली. तिच्यापुढं लाज वाटून मी ते दोन महिने वेळेवर जेवलो.

पहिल्या दिवशी मी लाँगबुक उघडून सांगितलं, "घाबरायचं नाही. यातली अर्धी भाषा तुला आधीच येते."

तिला ते खरं वाटलं. आठवडाभरात तिला दीडशे शब्द पाठ झाले. प्रवासाच्या बॅगेला 'चेमदान' म्हणतात आणि तो फारसीतला कपडे ठेवायचा जामदान, हे ऐकून तिनं आपल्या बॅगेकडं जरा आदरानं पाहिलं. डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाला 'खलात' म्हणतात. तो शब्द म्हणजे आपल्याकडं दरबारात मानाची वस्त्रं द्यायचे ती खिलत, हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तिथं प्रत्येक डॉक्टर दरबारातून आल्यागत दिसत असंल." मला वाटलं, मी उत्तम शिक्षक आहे.

दुसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, "मामा, 'कुठं दुखतंय' असं कसं विचारायचं?"

मी म्हटलं, "ते पुढं येईल. आधी पेशंटला बसायला तर सांग. दिवान!"

"बसा कसं म्हणायचं?"

"दिवानाकडं हात केला की माणूस बसतो."

 खरं असं होतं, की दुखणं, बसणं, जाणं, येणं हा सगळा भाग मी परीक्षेपुरता केला होता आणि परीक्षेच्या पेपरासोबत देऊन आलो होतो. कुणी सावकाश बोललं किंवा वाचलं तर कळायचं. तोंडातून मात्र नुसते शब्द निघत. तेही पाहुण्यांसारखे, एकेकटे. हे मी तिला सांगितलं नाही. "पाया पक्का होऊ दे," असं म्हणत राहिलो.

त्याच सुमाराला आमच्या हिचं शिलाई मशीन डुगडुगायला लागलं. त्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली वर्षानुवर्षं माझं वर्गातलं रशियनचं जाडजूड पाठ्यपुस्तक होतं. कापडी बांधणीचं, अगदी मापाचं. आता तिथं दोन फरशीचे तुकडे होते.

"पुस्तक कुठं गेलं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? तुमचंच ते. गेलं असंल परत रशियाला," ही म्हणाली.

मी पुढं चौकशी केली नाही. दुपारी मी ऑफिसात असायचो, आणि ते पुस्तक हरवलं असेल तर बरंच, असंही कुठंतरी वाटलं असावं.

दोन महिने संपले. रविवारी दुपारी चारला मुरगुडात कार्यक्रम ठरला. कार्यक्रम हा शब्द मुद्दाम वापरतो. वडीलमाणसांपुढं मुलगी बसवून तिला प्रश्न विचारायचे, असा एकच प्रसंग त्या घराला ठाऊक होता, त्यामुळं सगळं त्याच पद्धतीनं मांडलं गेलं. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या जागेत, खुर्च्या. मधल्या खुर्चीवर आण्णा, शेजारी दाजी. आक्कानं पोरीला साडी नेसवली होती आणि पोह्यांचा ट्रे तिच्याच हातून बाहेर पाठवला. मी मुलीकडचा की मुलाकडचा, हे न कळल्यानं मला दाराजवळ स्टूल दिलं होतं.

आता माझी चूक सांगतो. आण्णांना रशियन येत नाही, मग ते तपासणार कसं, या काळजीपोटी मी आदल्या दिवशी त्यांना वीस शब्दांची यादी पाठवली होती. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला रशियन उत्तर. आणि यादीत निवडून निवडून तेच शब्द घातले होते, जे ऐकताच आण्णांना ओळखीचे वाटावेत. ऐकून त्यांना बरं वाटेल, पोरगी परक्या मुलखात चालली नाही असं वाटेल, असा माझा हिशेब. शिवाय, खोटं कशाला बोलू, ती यादी लाँगबुकाचं माझं पहिलंच प्रकाशन होतं.

आण्णांनी चष्मा लावून यादी हातात धरली.

"साखरंला काय म्हंत्यात?"

"साखर," भाची म्हणाली.

आण्णांनी यादीतलं उत्तर पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं.

"च्याला?"

"चाय."

"शालीला?"

"शाल."

"बाजाराला?"

"बझार."

दाजींनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. आण्णा पुढं वाचत गेले. संदूक, दिवाण, पायजमा, खजिना. प्रत्येक बरोबर उत्तरासरशी त्यांचा आवाज बारीक होत गेला. अठराव्या शब्दाला त्यांनी यादीची घडी घातली आणि माझ्याकडं वळले.

"काय ओ पावणं, दोन म्हयनं पोरीला मराठीच शिकिवलासा व्हय?"

"तसं नाही आण्णा. हे शब्द रशियनच आहेत. फक्त बाहेरून तिकडं गेलेत. काही इराणातून, काही तुर्कांकडून..."

"मी पस्तीस वर्सं तलाठी हुतो. खजिना, दिवाण, दप्तर, ह्यी आमच्या हापिसातली भाषा हाय. तुमी मला ह्येच रशियन म्हणून सांगताय?"

"त्यांनी ते उसने घेतले आहेत."

"उसनं? मग परत कवा दिलं?"

सोप्यात हशा पिकला. आतून आक्काचाही आवाज आला. मी ग्रीकांपासून सुरुवात करायला तोंड उघडलं, तेवढ्यात दाजी म्हणाले, "पावणं, ऱ्हाऊ द्या. भाषा म्हटल्यावर कळाय नको. इंग्रजी पैल्यांदा ऐकली तवा कळली हुती का? कानडी मुलखात गेलो तरी निम्मं डोक्यावरनं जातंय. आनि हितनं हजारो मैलांवरची भाषा, ती मला पोहं खात खात कळाय लागलीया!"

 त्यांचं म्हणणं त्यांच्या परीनं बिनतोड होतं. मी शब्दांचं नातं दाखवून त्यांचा धीर वाढवायला गेलो होतो, आणि त्यांना हवा होता परकेपणा. जी भाषा इतकी घरातली वाटते, ती रशियन कशी असणार?

आण्णांनी निकाल सांगितल्यासारखं बोट उचललं. "ह्या दोघांनी मिळून पाठ केलंय. मामा-भाचीचं ठरलेलं हाय. गारगोटीचा फॉर्म आन."

भाची इतका वेळ मान खाली घालून बसली होती. ती उठली. पदर खोचला, आण्णांकडं न बघता दाजींकडं बघत बोलायला लागली. रशियनमध्ये. सावकाश, पण ठामपणे; मधे दोन ठिकाणी थांबली, शब्द आठवला, परत सुरू. सुरात आमच्या लाँगबुकाचा मागमूस नव्हता. माझ्या रकान्यातला एकही पाहुणा त्यात दिसला नाही. मला तेव्हा शिलाई मशीनच्या पायाखालचे फरशीचे तुकडे आठवले.

 ती थांबल्यावर आण्णा माझ्याकडं वळले. "काय म्हंती ही?"

सगळे माझ्याकडं बघत होते. भाचीसुद्धा.

मला कळलं होतं. सगळं नाही, पण बरंचसं. ती म्हणाली होती, मी रोज दुपारी वाचते, मामा तेव्हा ऑफिसात असतात. मामा चांगले आहेत. त्यांना शब्द पुष्कळ येतात, वाक्य येत नाही. मला तिकडं जायची भीती वाटते. न जाण्याची जास्त वाटते. मला लोकांना विचारायचं आहे, कुठं दुखतंय. मला जाऊ द्या.

आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत मला कुणी रशियनचा अर्थ विचारत होतं, आणि तो माझ्या जिभेवर होता. वाक्य येत नाही हे वाक्यसुद्धा मला नीट कळलं होतं, ही एकच गोष्ट त्या सभेला पटवायची माझी फार इच्छा झाली. पण आण्णांनी आत्ताच म्हटलं होतं, की दोघांनी मिळून पाठ केलंय. मी भराभर अर्थ सांगितला असता, तर ते पाठ केलेलंच ठरलं असतं.

"नाही कळलं, आण्णा," मी म्हटलं.

"आजाबात?"

"अजिबात."

"कोर्स केलाय न्हवं तुमी?"

"केलाय. पण ही फार पुढचं बोलली. माझ्या आवाक्यातलं नाही ते."

दाजी खुर्चीत पुढं सरकले. मुलीकडं त्यांनी त्या दुपारी पहिल्यांदा सरळ पाहिलं. "पावण्यास्नी बी कळंना," ते आण्णांना म्हणाले. "म्हंजी ही रशियन हाय."

आण्णांनी घडी घातलेली यादी मला परत केली. त्या घरात याचा अर्थ प्रकरण निकाली निघालं.

एक अडचण मागाहून आतून आली. आक्कानं दारात उभं राहून विचारलं, "तिथं दिवस मावळतोय कवा?" मी खरं ते सांगून टाकलं, की थंडीत साडेतीन-चारलाच अंधारतं आणि उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो.  मग पोरीनं जेवायचं कधी? भर दुपारी की मध्यरात्रीच्या तोंडाला? शिवाय सगळा बटाट्याचा मुलूख, आणि आमच्यात कंद वर्ज्य. बटाट्याचं बघून घेईन, असं भाची म्हणाली. मावळतीचा निकाल आण्णांनी दिला. "पोरगी कुठली? मुरगूडची. मग सूर्य मुरगूडचा धरायचा. हितं मावळायच्या आत तिनं तितं जेवायचं. वेळंचा फरक पावणं काढून देतील, तेवढं येत असंल त्यास्नी."

फरक अडीच तासांचा निघाला. तेवढं मला आलं.

एस.टी. स्टँडवर तिला सोडायला गेलो तेव्हा मी म्हटलं, "पुस्तक चेमदानात टाकलंस ना?" ती हो म्हणाली. मग तिनं विचारलं, "मामा, तुम्हाला खरंच काही कळलं नव्हतं?" मी म्हटलं, "गाडी लागली बघ." गाडी अजून लागायची होती.

तिची पत्रं यायची. आण्णांना निराळं, मला निराळं. माझ्या पत्रात खुशाली दोन ओळी आणि खाली शब्द. न्हाव्याला तिकडं जे म्हणतात त्याचा मूळ जर्मन अर्थ केसांचे टोप करणारा. टोप गेले, न्हावी राहिला. पावावर चीज किंवा काकडी ठेवून खातात त्याचं नाव जर्मनांच्या लोणी-पावावरून आलं आहे, मात्र मामा, लोणी असेलच असं नाही. आणि तुमच्या लाँगबुकातले निम्मे शब्द इथल्या पोरांना जुने वाटतात, आता नवी आवक इंग्रजीची. ऑफिस, कॉम्प्युटर, मॅनेजर, बिझनेस, सगळं आपल्यासारखंच. आपण वेगळं बोलतो असं वाटतच नाही कधीकधी. मी ते सगळे शब्द लाँगबुकात उतरवून घेतले. तिसऱ्या वर्षी एक फोटो आला. पांढरा कोट घालून, बर्फात. मागं एकच शब्द लिहिला होता: खलात.

इकडं मात्र माझी ओळख कायमची ठरून गेली. लग्नकार्यात, वास्तुशांतीला, कुठंही दाजी मला पुढं करून सांगत, "हे आमचं पावणं. रशियनचा कोर्स केलाय ह्यांनी, परमानपत्र बी हाय. येत न्हाय." लोक हसत. मीही हसे. आमची ही घरी येऊन म्हणे, "सांगायचं की एकदा खरं." मी म्हणे, सांगू कधीतरी. पोरगी पास होऊन येईपर्यंत सांगणं बरं नव्हतं, आणि नंतर सांगून काय मिळणार होतं?

ती पास झाली. इकडं येऊन इथली परीक्षाही दिली, तीही दुसऱ्या खेपेला सुटली, आणि कोल्हापुरात एका दवाखान्यात रुजू झाली. त्या हिवाळ्यात तिची तिकडची एक वर्गमैत्रीण आठ दिवसांसाठी आली. मुरगुडाला घेऊन गेले तेव्हा आम्हीही गेलो. तोच सोपा, त्याच खुर्च्या. आण्णा आता काठी घेऊन बसत, कानांना कमी ऐकू येई. दाजींनी पाहुणीला माझी ओळख नेहमीप्रमाणं करून दिली. भाचीनं ती रशियनमध्ये सांगताना शेवटचे दोन शब्द गाळले, हे माझ्या लक्षात आलं. पाहुणी माझ्याशी रशियनमध्ये काहीतरी छान बोलली. मी हात जोडून नमस्कार केला.

चहा आला. आण्णांना मधुमेह, त्यामुळं त्या घरात चहा बिनसाखरेचाच करतात. पाहुणीनं एक घोट घेतला, कप थोडा खाली केला आणि आक्काकडं बघून विचारलं, "साखर?"

"आता गं बया, इसरलेच की," म्हणत आक्का आत गेली आणि डबा घेऊन आली. पाहुणीनं दोन चमचे घेतले, ढवळलं. कुणालाही काही वाटलं नाही. दाजी उसाच्या तोडीबद्दल बोलत राहिले.

आण्णांना मात्र तो एक शब्द ऐकू आला असावा. ते पाहुणीकडं बघत होते, मग डब्याकडं, मग बराच वेळ माझ्याकडं. काठीनं माझ्या खुर्चीचा पाय वाजवून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पावणं," ते त्यांच्या समजुतीप्रमाणं हळू आवाजात म्हणाले, म्हणजे सगळ्या सोप्याला ऐकू गेलं. "त्या दिशी पोरगी काय म्हणाली हुती ओ?"

भाचीचा हात कपावर थांबला.

"नाही कळलं, आण्णा," मी म्हटलं.

आण्णांनी मान डोलावली. "बरं," ते म्हणाले, आणि आक्काला सांगितलं, "पावण्यास्नी बी साखर दे. दोन चमचं."